बिनतारी तारांबळ

दुकानात टीव्ही घ्यायला गेलं की विक्रेता पहिलं वाक्य टाकतो, 'सर, याला सगळं कनेक्ट होतं.' वाक्य खोटं नाही. कशाने होतं, कधी होतं आणि कुणाच्या मर्जीने होतं, एवढंच सांगायचं राहून जातं. ते सांगायला मग घरात एक भाचा लागतो. भाचा कॉमर्सला असेल तर अर्ध्या तासात काम होतं. इंजिनिअरिंगला असेल तर आधी लॅपटॉप फॉरमॅट होतो.

पन्नास हजारांचा टीव्ही, जवळपास तेवढ्याचाच लॅपटॉप आणि दरमहा पैसे मोजून घेतलेलं वायफाय. तिघंही आपापल्या जागी हुशार. एकत्र आणले की तिघांचंही डोकं चालेनासं होतं. युत्या आणि आघाड्या दोन्ही पाहिलेल्या महाराष्ट्राला यात नवल वाटायचं कारण नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर एखाद्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला जाऊन बसा. क्लब हाउसच्या भिंतीवर ५५ इंची टीव्ही, खाली टेबल, टेबलावर खजिनदारांचा लॅपटॉप. सभा दहाची, गणसंख्येअभावी तहकूब होऊन साडेदहाची. तेवढ्या अर्ध्या तासात केबल जोडायची असते. टीव्हीवर 'नो सिग्नल' ही पाटी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात निवांत फिरत असते. सेक्रेटरी रिमोटवरचं 'सोर्स' बटण दाबतात. एचडीएमआय एक, एचडीएमआय दोन, एव्ही, यूएसबी, पुन्हा एक. वायर दोनमध्ये असते. दोनवर आल्यावर टीव्ही आणि लॅपटॉप एकमेकांची ओळख पटवायला चार सेकंद घेतात. सेक्रेटरींना तीन सेकंदांचाच धीर असतो. ते पुढे जातात.

मागून कुणीतरी ओरडतं, 'विंडोज आणि पी दाबा!' खजिनदार नुसताच पी दाबतात. ताळेबंदात आकड्याच्या जागी पी उमटतो. शेवटी दोन्ही बटणं एकदम दाबली जातात आणि पडदा उजळतो. पडद्यावर खजिनदारांची नात, महाबळेश्वरला, स्ट्रॉबेरी खाताना. कारण लॅपटॉप 'एक्स्टेंड'वर असतो, म्हणजे टीव्ही हा दुसरा, रिकामा पडदा. हिशेब अजून लॅपटॉपवरच. सभा नातीचं कौतुक करते. मग 'डुप्लिकेट' निवडलं जातं आणि ताळेबंद अवतरतो. फक्त त्याची शेवटची ओळ, म्हणजे शिल्लक, पडद्याच्या खाली गेलेली असते.

'शिल्लक कुठे गेली?' असं तीन सभासद एकदम विचारतात. संस्थेच्या इतिहासात पहिल्यांदाच यात खजिनदारांचा दोष नसतो.

दोष असतो टीव्हीचा, आणि तो मुद्दाम ठेवलेला असतो. याला म्हणतात ओव्हरस्कॅन. जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबवर चित्राच्या कडा सरळ येत नसत, म्हणून टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा चौकटीआड ढकलायचा. ट्यूब गेली, चौकट गेली. आताच्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके मोजून बसवलेले असतात, आणि लॅपटॉप तेवढेच ठिपके मोजून पाठवतो. तरीही कित्येक टीव्ही कारखान्यातून येतानाच चित्र ताणून कडा कापायची सवय घेऊन येतात. ती मोडायचा उपाय रिमोटमध्येच आहे. पिक्चर साइझमध्ये जायचं आणि एलजीवर 'जस्ट स्कॅन', सॅमसंगवर 'स्क्रीन फिट', सोनीवर 'फुल पिक्सेल' निवडायचं. एकाच गोष्टीला तीन कंपन्यांनी तीन नावं दिली आहेत. एकच नाव ठेवलं असतं तर भाचा बेकार झाला असता.

तिथेच जरा पुढे गेलात तर त्या एचडीएमआय इनपुटचं नाव बदलून 'पीसी' करता येतं. तेवढ्याने टीव्ही समजतो की समोर सिनेमा नाही, अक्षरं आहेत. मग तो रंगांची काटछाट थांबवतो आणि बऱ्याच टीव्हींवर पुसट दिसणारी अक्षरं ठळक होतात. माहितीपुस्तिकेत हे असतंच असं नाही. पुस्तिकेत असतं ते एवढंच, की टीव्ही पाण्यात बुडवू नये.

आता त्या चार सेकंदांत काय चालतं ते पाहू. वायर लागली की टीव्ही आधी आपला बायोडेटा लॅपटॉपकडे पाठवतो. ही पद्धत १९९४ ची, मूळ लांबी १२८ बाइट. त्यात निर्माता कोण, आकार किती, कोणती रेझोल्यूशन झेपतात, सेकंदाला किती चित्रं चालतात, हे सगळं. थोडक्यात, कांदेपोह्यांचा कार्यक्रम. लॅपटॉप बायोडेटा वाचतो, आपल्याला जमेल ते निवडतो आणि चित्र पाठवतो. मधे स्वस्तातला कन्व्हर्टर बसला असेल तर तो स्वतःचाच बायोडेटा पुढे करतो, आणि फोर-के टीव्हीवर दहा वर्षांपूर्वीच्या मॉनिटरचं चित्र येतं.

बायोडेटा जुळला तरी काम संपत नाही. सिनेमा लावायचा असेल तर पुढे कुलपाची चौकशी असते. तिचं नाव एचडीसीपी, जन्मदाती इंटेल. लॅपटॉप टीव्हीला विचारतो, तू अधिकृत टीव्हीच आहेस ना? चोरून रेकॉर्डिंग करणारा डबा नाहीस ना? टीव्हीने कागदपत्रं दाखवली की चित्र सुटतं. नाही पटलं तर पडदा काळा. आवाज कधीकधी चालू राहतो, म्हणजे मुहूर्ताला निदान आकाशवाणीचा आनंद मिळतो.

या कुलपाची गंमत अशी की त्याची मुख्य किल्ली २०१० च्या सप्टेंबरात इंटरनेटवर फुटली, आणि ती खरी असल्याचं खुद्द इंटेलने मान्य केलं. पुढे कुलपाच्या नव्या आवृत्त्या आल्या. पण ज्याला चोरी करायची तो या वाटेने जातच नाही. त्याच्याकडे सिनेमा आधीच पोचलेला असतो. काळा पडदा दिसतो तो पैसे भरून, पासवर्ड टाकून, रविवारी दुपारी सहकुटुंब बसलेल्या प्रामाणिक माणसाला. चोराला मोकळं रान आणि घरधन्याची झडती, हा प्रकार आपल्याला ओळखीचा आहे. फक्त आता तो डिजिटल झालाय.

एचडीएमआय जन्मली २००२ च्या डिसेंबरात, हिताची, पॅनासॉनिक, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा या सात कंपन्यांच्या पोटी. त्याआधी कॉम्प्युटरला होतं व्हीजीए. १९८७ चं, निळ्या तोंडाचं, पंधरा पिनांचं, दोन बाजूंना पिळायचे स्क्रू. ते आवाज नेत नसे, पण कागदपत्रंही मागत नसे. टीव्हीला पिवळी, लाल, पांढरी अशी तीन तोंडं होती. रंगाला रंग जुळवला की झालं, आजीसुद्धा लावायची. सात कंपन्यांनी तीन तोंडांचं एक तोंड केलं, चित्र आणि आवाज एकाच वायरीत कोंबले, हे काम नाकारण्यासारखं नाहीच. मात्र प्रत्येक उपकरणामागे दक्षिणाही बांधून घेतली. ठरलेला दर नगाला १५ सेंट. वस्तूवर त्यांचा लोगो छापला तर ५ सेंट. वर एचडीसीपीचं कुलूपही बसवलं तर ४. म्हणजे आपल्या घराच्या दाराला कुलूप लावायची सवलत कुलूपवाल्याने टीव्हीवाल्याला दिली, आणि किल्ली दोघांनी वाटून घेतली.

वायर घ्यायला पुण्यात तपकीर गल्लीत जा किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला. दुकानदार काउंटरवर दोन वायरी ठेवतो. एक दोनशेची, एक दोन हजारांची. दुसरीच्या टोकांना सोन्याचा मुलामा, अंगावर जाळीदार वस्त्र, खोक्यावर डोंगरामागचा सूर्योदय. 'हिच्यात पिक्चर रिच येतं, साहेब.' येत नाही. वायरीतून शून्य आणि एक जातात. ते पोचले तर चित्र जसंच्या तसं येतं, नाही पोचले तर पडद्यावर ठिणग्या उडतात किंवा चित्र मधेच गायब होतं. अधलंमधलं, जरासं रिच, किंचित सात्त्विक असं काही नसतं. सोन्याने टोक गंजत नाही हे खरं. कोकणातल्या पावसात त्याचा उपयोगही होईल. पण त्याने नायिकेचा चेहरा उजळत नाही.

खोक्यावर '२.० केबल' किंवा '२.१ केबल' असं छापलेलं असेल तर आणखी सावध व्हा. केबलवर आवृत्तीचा आकडा छापायला एचडीएमआयच्याच नियमांत मनाई आहे. केबलला वर्ग असतो: हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड, अल्ट्रा हाय स्पीड. फुल एचडीला पहिली पुरते, नेहमीच्या फोर-केला दुसरी. तिसरी लागते ती ताज्या गेमिंग यंत्रांना. आणि टीव्हीवर '२.१' लिहिलेलं दिसलं म्हणून हुरळून जायचंही कारण नाही. २०२१ च्या अखेरीस उघड झालं की २.१ मधली नवी वैशिष्ट्यं ऐच्छिक आहेत. एकही न देता टीव्हीवर तो आकडा लावता येतो. पास व्हायला पेपर लिहायची अट नसलेली ही एकमेव परीक्षा असावी.

लांबी मात्र खरी महत्त्वाची. साधी तांब्याची वायर फोर-केसाठी तीन ते पाच मीटरपर्यंत भरवशाची. त्यापुढे ठिणग्यांची तयारी ठेवावी. आणि कित्येक नव्या लॅपटॉपांना एचडीएमआयचं तोंडच नसतं, असतं ते चपटं यूएसबी-सी. ते भोक सगळीकडे सारखं दिसतं, पण एखाद्या लॅपटॉपवर ते चित्र देतं आणि एखाद्यावर नुसतं चार्जिंग घेतं. बाहेरून कळायची सोय बहुतेकांनी ठेवलेली नाही. बाजूला डीपीची (म्हणजे डिस्प्लेपोर्टची) किंवा विजेची बारीक खूण कोरलेली असली तर नशीब. नाहीतर अडॅप्टर विकत आणा, लावा, काही होत नाही म्हणून परत न्या आणि दुकानाच्या काउंटरमागची 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सावकाश वाचा.

समजा वायर योग्य आहे. आता ती लावायची कुठे? टीव्ही इंटिरिअरवाल्याने भिंतीला असा चिकटवलेला असतो की मागे हात जात नाही. 'वायर दिसता कामा नये' हे त्याचं ब्रीद. हजारो रुपयांचं पॅनेलिंग, मागे मंद पिवळा प्रकाश, पण पॅनेलमागून वायर ओवायला दीड इंची पाइप टाकायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मग कर्ता पुरुष भिंतीला गाल लावून, दोन बोटं आत सरकवून, डोळे मिटून चाचपत असतो. मुलगी मोबाइलचा कॅमेरा फटीत धरून थेट समालोचन करते: 'बाबा, अजून डावीकडे. ते अँटेनाचं. ते यूएसबी. उलटी धरलीय, बाबा.' वायर अखेर बसते आणि बाहेर काढलेल्या हातावर प्लायवुडचा भुसा असतो. घराचं नूतनीकरण करणाऱ्यांना एकच विनंती. सनमायकाचा रंग निवडायला तीन आठवडे घेता, त्यातली तीन मिनिटं काढून वायरमनला सांगा: टीव्हीमागून खालच्या कपाटापर्यंत एक रुंद पाइप, आणि राउटरपासून टीव्हीपर्यंत एक लॅनची वायर.

'लॅनची वायर कशाला? आता सगळं वायरलेस आहे ना!'

हो, आहे. आणि तिथेच खरी तारांबळ सुरू होते.

बिनतारी जोडायच्या तीन पद्धती: मिराकास्ट, क्रोमकास्ट, एअरप्ले. तीन तिघाडा, काम बिघाडा. २०१२ साली आलेलं मिराकास्ट विंडोजवर चालतं, कित्येक अँड्रॉइड फोनांवर चालतं. आयफोनवर चालत नाही, आणि खुद्द अँड्रॉइड बनवणाऱ्या गूगलने आपल्या पिक्सेल फोनातही ते ठेवलं नाही. गूगलने २०१३ साली स्वतःचं क्रोमकास्ट काढलं, ३५ डॉलरचं, आणि २०२४ साली ते बनवायचं बंद केलं. एअरप्ले ॲपलचं, म्हणजे ॲपलवाल्यांसाठी. टीव्हीच्या खोक्यावर तिन्हींची चित्रं असतील तर ठीक. एकाचंच असेल तर घरातल्या कुणाचा फोन टीव्हीशी बोलणार हे खरेदीच्याच दिवशी ठरतं, आणि तो फोन बहुधा सुनेचा असतो.

या पद्धतींत एक फरक आहे, जो कुणीच सांगत नाही. मिराकास्टमध्ये फोन किंवा लॅपटॉप आपला अख्खा पडदा क्षणोक्षणी दाबून-चेपून हवेतून टीव्हीकडे फेकतो. म्हणून माउस इथे हलतो आणि टीव्हीवरचा बाण मागाहून येतो. व्हॉट्सॲपवर आलेला मेसेजही पाहुण्यांसमोर तितक्याच स्पष्टपणे झळकतो. पाहुण्यांविषयीच असला तरी. क्रोमकास्टच्या पद्धतीत मात्र फोन फक्त सांगतो, 'अमुक चित्रपट लाव.' टीव्ही स्वतः इंटरनेटवरून तो ओढून घेतो आणि फोन मोकळा होतो. सिनेमासाठी दुसरी पद्धत बरी, कामासाठी पहिली. आपण नेमकं उलट करतो आणि वायफायवाल्याला फोन लावतो.

वायफायचा घोळ मात्र वेगळाच असतो. बऱ्याच घरांत फायबर कंपनीचा एक डबा असतो, त्याचं स्वतःचं वायफाय. ते आतल्या खोलीत पोचत नाही म्हणून मालकाने दुसरा राउटर आणून त्याला जोडलेला असतो, त्याचं वेगळं वायफाय. टीव्ही पहिल्यावर, लॅपटॉप दुसऱ्यावर. दोघांचंही इंटरनेट झकास चालतं, पण कास्टचं बटण दाबलं की लॅपटॉप म्हणतो, 'एकही उपकरण सापडलं नाही.' समोर ४३ इंची उपकरण भिंतीवर लटकतंय आणि याला सापडत नाही! दोन राउटर म्हणजे दोन वेगळी घरं. आतल्या घरातल्यांना बाहेरचे दिसत नाहीत. उपाय सोपा आहे. दुसऱ्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर टाकायचं, म्हणजे दोन्ही एकाच नेटवर्कचे होतात. टीव्ही 'गेस्ट' वायफायवर असेल तरी हीच रड. पाहुण्यांना घरच्यांशी बोलू द्यायचं नाही असा त्या नेटवर्कचा दंडकच असतो.

आता जागा. राउटर ही दिसायला अशोभनीय वस्तू असल्याने तिची रवानगी टीव्हीच्या कपाटात, चपलांच्या रॅकवर किंवा लोखंडी कपाटाच्या मागे होते. घरातलं लोखंडी कपाट दागिने राखो न राखो, वायफाय मात्र चोख अडवतं. आरसा अडवतो. माशांची टाकी अडवते, कारण पाणी या लहरी पिऊन टाकतं. मायक्रोवेव्ह त्याच कारणाने चालतो, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे जुन्या वायफायच्या ऐन गल्लीत. म्हणून कुणीतरी दूध गरम करायला ठेवलं की दिवाणखान्यात नायक गोल गोल फिरायला लागतो.

२.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच: १, ६ आणि ११. इमारतीत बिऱ्हाडं चाळीस. बाकीचा हिशेब तुम्हीच करा. पाच गिगाहर्ट्झला जागा भरपूर, २०१८ साली आपल्याकडे तो पट्टा वायफायसाठी आणखी मोकळा झाला. पण भिंतींपुढे तो लवकर हात टेकतो. एकाच खोलीत राउटर आणि टीव्ही असेल तर पाच, भिंतीपलीकडे असेल तर २.४ आणि प्रार्थना.

पूर्वी पुण्यात गच्चीवर चढून अँटेना सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे वळवायची सोय होती. एक जण वर, एक जण खिडकीत, 'आलं का?' 'आलं... गेलं!' ती सवय राउटरवरही निघते. त्याच्या अँटेनांची टोकं मोठ्या भक्तिभावाने टीव्हीकडे रोखली जातात. पण या काड्या टोकातून नाही, अंगातून, चहूबाजूंना लहरी सोडतात. टोकाच्या दिशेला सगळ्यात कमी जातात. म्हणजे अँटेना टीव्हीवर नेम धरून लावली की टीव्ही सोडून बाकी सगळ्यांना वायफाय मिळतं. टीव्ही त्याच मजल्यावर असेल तर काडी सरळ उभी ठेवा आणि तिला हात लावू नका.

'मग वेगाचा प्लॅनच वाढवतो!' जरूर वाढवा, कंपनीला आनंद होईल. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या सांगण्यानुसार फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरतात, फोर-केला १५. ३०० च्या प्लॅनमधले उरलेले २८५ कुठे खर्च करायचे, याचा विचार करायला निवांत वेळ मिळेल. शिवाय एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. आठाने भागल्यावर मेगाबाइट होतात, हे जाहिरातीत बारीक टाइपातसुद्धा नसतं. लॅनची वायर जोडली तरी अनेक महागड्या टीव्हींचं लॅनचं तोंड १०० एमबीपीएसच्या वर जातच नाही. तरीही ती जोडावी. १०० असले तरी ते सतत १०० असतात. दूध तापवल्याने त्यात फरक पडत नाही.

फोर-केचाही हिशेब एकदा करून टाकू. फुल एचडीत २० लाखांहून जास्त ठिपके, फोर-केत ८३ लाखांच्या आसपास. निरोगी डोळ्याला ४३ इंची पडद्यावरचे फोर-केचे ठिपके वेगवेगळे दिसायचे असतील तर साधारण तीन फुटांवर बसायला हवं. आपला सोफा दहा फुटांवर. तीन फुटांवर बसलात तर आई अजूनही ओरडते, 'डोळे जातील!' तेव्हा ८३ लाखांतले बरेचसे ठिपके आपण दुकानदाराच्या समाधानासाठी घेतलेले असतात.

घरातल्या कॉम्प्युटरवरचे सिनेमे वायफायवरून थेट टीव्हीवर दिसावेत, यासाठी २००३ साली मोठमोठ्या कंपन्यांनी डीएलएनए नावाची संघटना काढली. २०१७ च्या सुरुवातीला 'आमचं कार्य सिद्धीस गेलं' असं सांगून ती विसर्जित झाली. सिद्धी अशी: टीव्हीवर फोल्डर दिसतं, सिनेमा लागतो, चित्र येतं, आवाज नाही. कारण त्या आवाजाच्या पद्धतीचा परवाना टीव्ही कंपनीने घेतलेला नसतो. देवनागरी सबटायटल लावलीत तर कधी नुसते चौकोन, कधी वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. सबटायटलची फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवली तर चौकोन जातात. जोडाक्षरं मात्र टीव्हीच्या मर्जीवर. तोच सिनेमा लॅपटॉपवर लावून वायरीने टीव्हीवर घेतला तर आवाज, वेलांटी, जोडाक्षर सगळं जागच्या जागी. मराठीला अभिजात दर्जा मिळाला तो दिल्लीत. टीव्हीच्या कारखान्यात अजून कळवलेलं दिसत नाही.

वायर लावल्यावरही आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल तर घाबरू नका. घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावर टिचकी मारून यादीतून टीव्हीचं नाव निवडायचं. न्यू जर्सीतल्या नातवाशी टीव्हीवर बोलणाऱ्यांना आणखी एक सूचना. चित्र टीव्हीवर असलं तरी कॅमेरा लॅपटॉपवर असतो, आणि लॅपटॉप टीपॉयवर. आजोबा नातवाला डोळे भरून पाहतात. नातवाला वर्षभर दिसतो तो आजोबांचा डावा कान. लॅपटॉप टीव्हीच्या खाली मधोमध ठेवा. वायर तेवढी लांब घ्या.

आता शेवटचं, आणि जरा कमी विनोदी. टीव्ही आपल्याला दाखवतो हे आपल्याला माहीत आहे. तो आपल्याला पाहतोही. अनेक स्मार्ट टीव्ही पडद्यावर काय चाललंय याचे ठसे थोड्या थोड्या वेळाने काढून कंपनीकडे पाठवतात. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने १ कोटी १० लाख टीव्हींवर हे न विचारता केलं आणि २०१७ साली २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. टीव्हीमागे २० सेंट पडले. बरं, 'मी तर लॅपटॉप वायरीने लावतो, माझं काय पाहणार?' असं म्हणायची सोय नाही. ब्रिटन, स्पेन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२४ साली सॅमसंग आणि एलजीच्या टीव्हींची तपासणी केली. टीव्ही नुसता पडदा म्हणून एचडीएमआयवर वापरला तरी ही ठसे-यंत्रणा चालू असल्याचं त्यांना आढळलं. सेटिंगमध्ये जाऊन बंद केली की ती थांबते, हेही आढळलं. सॅमसंगवर ती 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस' या नावाने बसते, एलजीवर 'लाइव्ह प्लस'. पाळत ठेवणाऱ्या यंत्रणेला इतकं मंगल नाव आजवर फक्त सरकारी खात्यांनाच सुचलं होतं.

शिवाय टीव्हीतली हुशारी लवकर म्हातारी होते. २०१९ च्या डिसेंबरात काही जुन्या सॅमसंग आणि व्हिझिओ टीव्हींवर नेटफ्लिक्स चालेनासं झालं. पडदे ठणठणीत होते. डोकं निवृत्त झालं. पडदा दहा वर्षं टिकतो, आतलं सॉफ्टवेअर कंपनीचा उत्साह टिकेल तोवर.

तेव्हा हिशेब सरळ आहे. टीव्हीकडून फक्त दाखवायचं काम घ्या, डोकं बाहेरचं लावा. घरात लॅपटॉप असेल तर तोच. आजीला रिमोटच हवा असेल तर दोन-चार हजारांची स्ट्रीमिंग काडी, जी उद्या बिघडली तर टीव्ही न फेकता बदलता येते. काडीही ठसे काढू शकते, तिच्याही सेटिंगमध्ये एकदा जाऊन या. टीव्हीला वायफायचा पासवर्ड देऊच नका, लॅनची वायरही लॅपटॉपलाच लावा. ज्याला बाहेर जाता येत नाही तो चहाड्याही करू शकत नाही. बाकी लागते ती दोनशे रुपयांची हाय स्पीड वायर, तीन मीटरच्या आतली, सोन्याशिवाय. तिला अपडेट नाही, लॉगिन नाही, मासिक वर्गणी नाही. दुकानदार ती स्वतःहून दाखवणार नाही. मागून घ्या.